पाकिटातलं शेवटचं प्रकरण

निवृत्तीनंतर धावडा गावात मी मुलांना इंग्रजी वाचायला शिकवतो. त्यासाठी जुन्या रहस्यकादंबऱ्यांच्या सोप्या आवृत्त्या आणल्यात, ठरावीक आठशे सोपे शब्दच वापरून लिहिलेल्या. पुस्तक हाती देण्याआधी मी शेवटच्या प्रकरणाची पानं काढून पाकिटात ठेवतो. गुन्हेगार कोण ते मुलांनी कारणासह सांगायचं, मगच पाकीट उघडायचं. वर्गात बोलायचं ते इंग्रजीतच आणि पूर्ण वाक्यात. कुणी मराठीत बोललं की मी हात वर करून थांबतो. रागावत कधीच नाही.

रेणुका सगळ्यांत मागे होती. तिची आई वच्छलाबाई मजुरीला जाते. दिवाळीपर्यंत पोरीला वाचता आलं, तर भोकरदनच्या शाळेत घालीन, न्हाईतर माझ्यासंगं कापूस वेचायला, असं तिनं मला सांगितलं होतं.

एका शनिवारी कपाटात पाकीट नव्हतं. चोर आपणच शोधू, असं अकिबनं इंग्रजीत सुचवलं. मला आनंद झाला. मुलं आपणहून वाक्यं जुळवत होती. खोलीत आधी कोण येतं, असं सबानं विचारलं. झाडायला रोज रेणुका यायची. अकिब उभा राहिला आणि एकेक शब्द जुळवत म्हणाला, "प्रत्येक पुस्तकात ज्याच्यावर कुणाचाच संशय नसतो, तोच चोर निघतो. आपल्यात तशी कोण आहे? रेणुका."

मी त्यातलं एक क्रियापद सुधारलं आणि शाबासकी दिली.

रेणुका उठली. "सर, मी न्हाई घेतलं."

पोरं हसली. मी हात वर केला. "इंग्रजीत, बेटा. पूर्ण वाक्य."

मी थांबलो. तिचे ओठ हलत राहिले. पाच मिनिटं तरी मी तसाच थांबलो असेन. मग ती दप्तर उचलून निघून गेली. गुन्हेगार शेवटी पळतोच, असं सबा म्हणाली. तिचं वाक्य बिनचूक होतं.

सोमवारी भोकरदनच्या झेरॉक्सवाल्याचा फोन आला. प्रती काढायला दिलेलं पाकीट गुरुवारपासून त्याच्याकडंच पडून होतं. मीच दिलं होतं, मीच विसरलो होतो.

वर्गात मी ते कबूल केलं. अकिबनं जरा विचार केला आणि इंग्रजीत म्हणाला, "सर, तुमच्यावर तर कुणाचाच संशय नव्हता." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रेणुकाचं नाव कुणी काढलं नाही.

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. मायलेकी अंगणात कापसातला कचरा काढत होत्या.

"मास्तर, आता तिला बोलवू नका," वच्छलाबाई म्हणाली. "पोरं तिला रस्त्यानं चोर म्हणून राह्यलीत."

चूक माझी होती, हे मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण कापसावरचा हात थांबवला नाही. मग मी पोरीकडं वळलो. "रेणुका, माझं चुकलं, बेटा."

तिनं हात वर केला, अगदी माझ्यासारखा.

"इंग्रजीत, सर. पूर्ण वाक्य."

मी वाक्य म्हटलं. तिनं हात खाली घेतला नाही.