माघातला मेघ

यशोदाबाईंचा एक कान कायम सुनेच्या खोलीकडे असायचा. सून दिशा पुण्याला शिकलेली. पिंपळगावच्या घरात कॉम्प्युटर मांडून ती दुर्बिणवाल्यांचं काम करायची. ऐन माघातल्या एका सकाळी ती फोनवर तिच्या सरांना सांगत होती, मेघ अजून विरळ आहे, संध्याकाळपर्यंत दाट करते.

झालं. बाईंच्या पायाला भिंगरी लागली. माघात पाऊस म्हणजे द्राक्षबागेचा सत्यानाश, मणी तडकलेच म्हणायचे. शेजारच्या मळ्यात पुतण्या वाल्मीकचा माल अजून गोडीला यायचा होता. त्याला त्यांनी तडक बजावलं, आज पाऊस आहे, कापून घे. माझी सून रेडिओवाल्यांसारखं अंदाजपंचे बोलत नाही, हेही वर ठोकून दिलं.

घरी आल्या, पण जीव थाऱ्यावर नाही. ओट्यावर यायच्या, वर बघायच्या, आत जायच्या. आभाळ घासल्या परातीसारखं लख्ख. शेवटी न राहवून सुनेलाच विचारलं, कुठं अडलाय गं तुझा मेघ?

दिशानं पडद्यावरचा तांबूस, धुरकट डाग दाखवला. हा तेजोमेघ, म्हणाली, ताऱ्यांमधला वायूचा ढग.

"पण हा खरा नाही, आत्या. मीच बनवलाय. यात वायू किती घातला ते मला ठाऊक आहे. आता सॉफ्टवेअरला तो तेवढाच दिसतो का, ते तपासायचं. या नकली मेघात चुकलं, तर खऱ्यावर कोण भरवसा ठेवेल?"

"म्हंजी पाणी नाय यात?"

"थेंबभर नाही."

चपला उलट्यासुलट्या घालून बाई मळ्यात पोचल्या. बाया कामाला लागलेल्या, दोन ओळी बोडक्या झालेल्या. सगळं सुनेवर ढकलायचं वाक्य तोंडात तयार होतं. बाईंनी ते गिळलं.

"वाल्म्या, कात्री ठेव. मेघ कॉम्प्युटरातला व्हता. पोरगी बरोबर बोलली, मीच अर्ध्या कानानं ऐकलं."

कुणीतरी पदरात फिसकन हसलं. वाल्मीकनं कपाळाला हात लावला.

"अन् हे कापलेलं, काकू? सुनेच्या दुर्बिणीत भरू?"

"माझ्या घरी धाड. लोणचं घालते. पहिली बरणी तुलाच."

असं म्हणून त्या बांधावर बसल्या, आणि शेवटची कात्री पाटीत पडेपर्यंत हलल्या नाहीत.