टेबलाच्या चारही बाजू

"उद्या दुकानात परत देऊन टाकते," असं म्हणत मावशीनं बास रेकॉर्डरचे सुटे केलेले तुकडे एकेक करून पेटीत ठेवायला घेतले. "मुदत उद्यापर्यंतच आहे. घरात छत्र्यांच्या शेजारी उभा राहून करणार तरी काय बिचारा?"

रेकॉर्डर म्हणजे समोर सरळ धरून, शिट्टीसारख्या तोंडातून फुंकायची लाकडी बासरी. आम्ही चौघं दर रविवारी डॉक्टरांच्या दाताच्या दवाखान्यात, पेशंट थांबतात त्या खोलीत, चारशे वर्षांपूर्वीचं संगीत वाजवतो. सगळ्यात वरचे सूर डॉक्टरांचे. मधले दोन भाग माझ्याकडे आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्या भाऊंकडे. निवृत्त झाल्यावर मावशीनं हौसेनं सगळ्यात खालच्या सुरांचा, जवळजवळ तिच्या छातीला लागेल एवढा बास नुकताच घेतला होता. आणि आता वाचनालयातल्या कार्यक्रमासाठी डॉक्टरांनी शोधून आणलेल्या रचनेत तिच्यासाठी एकही सूर नव्हता. तीनच भाग होते.

"मी पानं उलटायला बसेन की," मावशी म्हणाली. ती हसत होती, पण पेटीचा खटका तिनं जरा जोरातच लावला.

चौथा भाग मी आठवडाभर शोधत होते. जुन्या संगीताच्या वेबसाइट, ग्रंथालयांच्या याद्या, रेकॉर्डर वाजवणाऱ्यांची मंडळं, सगळं पालथं घातलं. जिथे तिथे एकाच जुन्या पुस्तकाचा उल्लेख, आणि 'चार वाद्यांसाठी' असं स्पष्ट लिहिलेलं. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. आकडा जुळला नाही की आम्ही नमुन्याच्या पहिल्या बाटलीकडे परत जातो.

"डॉक्टर, तुम्ही आम्हाला दिलेली पानं कुठून छापली?"

"त्याच पुस्तकाच्या फोटोंवरून. पण मूळ फोटो बघू नकोस. छापणाऱ्यानं नुसता गोंधळ घातलाय. काही ओळी आडव्या, काही उलट्या. मी सगळं कापून सरळ करून दिलं."

डॉक्टरांना वाकडं काही बघवत नाही. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या तोंडात असो की भिंतीवरच्या तसबिरीत.

मी त्यांच्या कॉम्प्युटरवर मूळ पान उघडलं. एका मोठ्या पानाच्या खालच्या बाजूला डॉक्टरांचा भाग सरळ छापलेला. डाव्या-उजव्या कडांना माझा आणि भाऊंचा, आडवे. आणि वरच्या कडेला आणखी काही ओळी, पार उलट्या.

"आणि या?"

"ती छपाईची चूक. मी काढून टाकली."

मी त्या ओळींच्या सुरुवातीची खूण पाहिली. खालच्या सुरांसाठी लावतात तीच होती. मी पान मोठ्या कागदावर छापलं, टेबलावरची मासिकं बाजूला केली आणि कागद मधोमध पसरला.

"डॉक्टर, तुम्ही इथे. भाऊ, तुम्ही त्या बाजूला. मावशी, तू डॉक्टरांच्या समोर."

"आता काय पत्ते खेळायचेत?" भाऊ म्हणाले, पण बसले.

मावशीनं चष्मा सारखा केला. "अगं बाई! हे तर माझ्याकडे तोंड करून लिहिलंय!"

"तेव्हा चौघांत एकच पुस्तक असायचं," मी म्हटलं. "ते टेबलावर ठेवून भोवती बसायचं."

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. मावशी त्यांना थोडीच सोडते!

"हलतेय म्हणून उपटलीत, आणि निघाली चांगली दाढ! पेशंटचं काय करत असाल देव जाणे."

"मावशी, पुढच्या वेळी तुमचा दात फुकट बघतो."

"नको हो! माझे असू देत वाकडे!"

पेटी पुन्हा उघडली. टेबल बुटकं, गुडघे एकमेकांना लागत होते. मावशीचा पहिला सूर जरा घोगरा आला, दुसरा भरून आला. तो खालून मिळताच आमचे तिघांचे सूर आपोआप सावरले. भाऊंची मान घड्याळाच्या लंबकासारखी हलायला लागली.

इतक्यात मावशीचा फोन वाजला. तिनं वाजवता वाजवता डोळ्यांनीच खूण केली, म्हणून मी घेतला. दुकानदार होता. उद्या किती वाजता येताय, विचारत होता.

मी मावशीकडे पाहिलं. तिचे गाल फुगलेले, दोन्ही हात बासवर. तिनं भुवया उंचावून 'नाही' म्हणून जोरजोरात मान हलवली, आणि एक सूर पार घसरला.

"येत नाहीत," मी सांगितलं. "वाजवतायत."