दुसरी बाटली

सोमवारी सकाळी नऊ वाजता उस्मानाबादच्या जिल्हा प्रयोगशाळेतले पंचाक्षरी जीपमधून उतरले आणि त्यांनी बौद्धवाड्याच्या नव्या विहिरीवर लाल फुली मारली. १९७३ चा एप्रिल, जळकोटच्या पुढची एक वाडी. गावातल्या विहिरीवर वाड्यातल्या बायांना कुणी वरून पाणी ओतेल म्हणून ताटकळत बसावं लागे. स्वतःचा पोहरा सोडायचा तो फक्त इथं.

"पाण्यात सल्फेट फार आहे," पंचाक्षरी म्हणाले. "औषध टाकल्याबरोबर बाटली दुधासारखी पांढरी झाली. हे प्यायलात तर पोटं बिघडतील."

वाड्यातली भिमाबाई पुढं झाली. नमुन्याची बाटली भरून एस.टी.च्या कंडक्टरकडं तिनंच दिली होती.

"महिना झाला पितोय आमी, साहेब. कुणाला काय झालं न्हाय."

"हिचं पोट बिघडलं व्हतं की," शेजारची तारामती म्हणाली, "पर ते भावाच्या लग्नातल्या बुंदीनं."

बाया हसल्या. पंचाक्षरींनी घाम पुसला आणि प्यायला पाणी मागितलं. भिमाबाई क्षणभर थबकली. मग लगबगीनं घरातून तांब्या भरून आणला, आणि द्यायच्या आधी त्यात तुरटीचा खडा फिरवला.

"हे काय?"

"गढूळ पाणी पाव्हण्याला कसं द्यावं?"

"बाटलीतल्या पाण्यातही फिरवलात?"

"फिरवला न्हाय. मोठा खडा रातभर घागरीत ठिवला. शहरात जायाचं पाणी ते! वरचं निवळ तेवढं भरलं."

पंचाक्षरींचा हात तांब्यावर तसाच राहिला. "बाई, तुरटीत सल्फेटच असतं. मी तुमची तुरटी मोजली."

"घ्या!" तारामती म्हणाली. "पाव्हण्यापायी हिनं समद्यांचं पाणी तोडलं."

भिमाबाईनं मान खाली घातली. "मग ती फुली पुसा की, साहेब."

"आत्ता नाही पुसता येत. विहिरीत मुळातही असेल. पुन्हा मोजल्याशिवाय कसं सांगू?"

एवढ्यानं काही होत नाही, असं म्हणून त्यांनी तांब्या पिऊन रिकामा केला. मग स्वतः पोहरा सोडला, त्याच पाण्यानं जीपमधली दुसरी बाटली विसळली आणि गढूळ पाण्यानं गळ्यापर्यंत भरली.

"असलं न्यायचं?" भिमाबाईला राहवेना. "लोक काय म्हणतील आमाला?"

"असंच न्यायचं."

निकाल येईपर्यंत हे पाणी पिऊ नका, असं बजावून ते गेले. दुपारी वाड्यातल्या बाया घागरी घेऊन गावच्या विहिरीपाशी जाऊन बसल्या. भिमाबाई सगळ्यांच्या मागं बसली.

शनिवारच्या शेवटच्या एस.टी.पर्यंत उस्मानाबादहून निकाल आलेला नव्हता.