पुढच्या टोकाचा खळगा

सकाळपासून धाकटीचा पाय एका जागी ठरत नव्हता. जुनी शिडाची होडी शेडमध्ये टेकूंवर चढवलेली, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, वाळवून, पुन्हा घासून झालेली. दुपारी रंगारी यायचा होता. आणि बाईसाहेब हातात पॉलिश पेपर घेऊन उगाच घिरट्या घालतायत!

उगाच नव्हे म्हणा. होडीवर पेन्सिलीने आडव्यातिडव्या रेघा मारायच्या आणि लांब पट्टीला पेपर लावून घासायचं, ही तिच्या वडिलांची, अण्णांची रीत. उंचवट्यावरच्या रेघा जातात, खळग्यातल्या राहतात. पुढच्या टोकाजवळ तळहाताएवढ्या जागेत रेघा राहिल्या होत्या. धाकटीने लांबी कालवायला घेतली आणि तिचा हात थांबला. तिने ओल्या फडक्याने रेघा तेवढ्या पुसल्या. खळगा तसाच ठेवला.

असला आगाऊपणा तिने जन्मात केला नव्हता. पण करणार काय? आजारपणात अण्णांचा उजवा हात लुळा पडला होता. आता तो हलत होता, तर म्हणायचे, "ठणठणीत आहे. रंग वाळला की होडी पाण्यात, आणि मी एकटा शिडाला." दादाने मान डोलावली होती. त्याचं काय जातंय, तो लांब राहतो! हातातला दोर सुटला तरी ज्याला कळणार नाही तो माणूस एकटा पाण्यात जाणार!

अण्णा आले. त्यांचा हात फिरल्याशिवाय या शेडमधल्या एकाही होडीला आजवर रंग लागला नव्हता. डोळे मिटून त्यांनी उजवा तळहात होडीवर ठेवला आणि चालत निघाले. थांबा, धाकटी मनात म्हणत होती, थांबा आणि गाढव म्हणा मला. हात खळग्यावरून सरळ पुढे गेला.

"पास! काय तुळतुळीत केलंयस गं."

एरवी या शब्दासाठी ती आसुसलेली असायची. आज तिला रडू फुटलं.

"आता काय झालं?"

"डाव्या हाताने बघा ना, अण्णा."

"मला शिकवतेस?" ते भडकले. पण डावा हात ठेवलाच, आणि तो खळग्यापाशी थबकला. मग उजवा ठेवला. पुन्हा डावा.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"सकाळपासून. मी मुद्दामच..."

"खळग्याचं नाही. हाताचं विचारतोय."

"गरम चहा हातावर सांडला आणि तुम्ही बोलतच राहिलात, तेव्हापासून."

अण्णा स्टुलावर बसले. बाहेर रंगाऱ्याचा टेम्पो वाजला.

"त्याला म्हणावं, उद्या ये. आणि तू काय बघत बसलीस? भर तो."

तिने लांबी भरली, घट्ट होईपर्यंत नखं खाल्ली, मग पट्टीने घासून काढली. सवयीने म्हणाली, "अण्णा, बघता?"

ते उठले नाहीत. "तूच मीट डोळे," म्हणाले.

तळहाताला घाम सुटला होता. तो कपड्यांना पुसून तिने हात फिरवला, एकदा, आणखी एकदा.

"पास," ती कशीबशी म्हणाली.

"मोठ्याने बोल. पाण्यात गेल्यावर सुकाणूवरून अशी पुटपुटलीस, तर शिडापाशी मला काय डोंबल ऐकू येणार?"