चार नंबर लाइनचा हलका ब्राउझर

सयाजीने कीबोर्ड उचलला आणि टेबलाच्या कडेवर आपटला. बटणं उडून पत्रा दाबणाऱ्या प्रेसखालच्या तेलात पडली.

"चाळीस सेकंद! एक पान उघडायला चाळीस सेकंद लागतात तुझ्या डबड्याला," तो ज्ञानेशच्या अंगावर ओरडला. "माझी माणसं प्रेस सोडून इथं रांगेत उभी राहतात. या आठवड्यात हे पळालं पाहिजे, नायतर पुढचा कीबोर्ड तुझ्या डोक्यात."

सयाजी कुरुळीच्या शिवेवरच्या त्या प्रेस शॉपचा सुपरवायझर. कंपनी गाड्यांसाठी पत्र्याचे सुटे भाग ठोकायची आणि सयाजी माणसं. मालक त्याला कडक म्हणत. कडक कसला, तोंडाचा फाटका आणि ऊठसूट हात टाकणारा माणूस. ज्ञानेश हा कंपनीतला एकुलता एक कॉम्प्युटरवाला, रोज चिंचवडहून दुचाकीवर येणारा आणि भांडण दिसलं की रस्ता बदलणारा.

कॉम्प्युटर म्हणजे ऑफिसने टाकून दिलेले सहा म्हातारे डबे. त्यांना विंडोज पेलवेना म्हणून ज्ञानेशने त्यांच्यावर लिनक्स घातलं होतं. लिनक्स छान चाललं, पण ब्राउझर भलता खादाड, सगळी मेमरी एकटाच गिळायचा. त्या ब्राउझरमध्ये कंपनीचं पान उघडून कामगार दर तासाचं उत्पादन टाकत, आणि मशिनमध्ये काही बिघाड दिसला तर तोही. बिघाडाची नोंद पडली की मेंटेनन्सवाले येऊन प्रेस बंद करत. तोंडी सांगायला सयाजीने बंदीच घातली होती. जे कॉम्प्युटरवर नाही ते घडलंच नाही, असं तो म्हणायचा.

ज्ञानेशने चार ब्राउझर घालून पाहिले. पहिला दिसायला देखणा, पण जुन्याइतकाच खादाड. दुसऱ्यात मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. तिसरा अकरा सेकंदांत उघडायचा आणि कसली कुरकुर करायचा नाही. चौथा मात्र चार सेकंदांत उघडला, आणि ज्ञानेश हरखून गेला. तो आणखी हलका व्हावा म्हणून त्याने त्यातली साठवण बंद केली, आणि दर तासाला तो आपोआप बंद होऊन पुन्हा कोरा उघडेल अशी सोय केली. सयाजीने त्याच्या पाठीत थाप घातली, ती मानेपर्यंत झिणझिणली. तरी ज्ञानेश खूश. भित्र्या माणसाला मार न बसणं हेच बक्षीस वाटतं.

एक गोष्ट त्याने तपासली नाही. प्रेसच्या चौथ्या रांगेचं, म्हणजे चार नंबर लाइनचं नेटवर्क अधूनमधून जातं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पूर्वी त्याने काही अडत नसे. नोंद ब्राउझरच्या साठवणीत थांबायची, पानावर हिरवी खूण यायची, आणि नेटवर्क आलं की नोंद सर्व्हरला जायची. आता साठवणच नव्हती. हिरवी खूण मात्र पहिल्यासारखीच यायची. ती पाहून माणूस निर्धास्त व्हायचा, आणि ब्राउझर बंद झाला की नोंद गडप.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता चार नंबर लाइनवरच्या प्रेसने किसनचा उजवा हात मनगटापासून चिरडला. हात आत असला की प्रेस थांबवणारा सेन्सर त्या वेळी मेलेला होता. किसनची किंकाळी पलीकडच्या शेडपर्यंत गेली. रक्त पत्र्यावरून ओघळून बुटांखाली आलं. दोघांनी त्याला उचलून गाडीत घातलं, आणि तुटलेली बोटं कुणीतरी रुमालात गुंडाळून गाडीमागे धावलं.

आधीच्या रात्रपाळीला, पहाटे सहापर्यंत, त्या प्रेसवर भीमराज होता. परभणीकडचा, कुरुळीत खोली घेऊन राहणारा, मोजकं बोलणारा आणि चोख काम करणारा. सयाजीने सर्व्हरवरची यादी उघडली. भीमराजची सेन्सरबद्दल एकही नोंद नव्हती. "बघा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "झोपला असणार भाड्या."

साडेनऊला ज्ञानेशने नेटवर्कची नोंदवही तपासली. चार नंबरचं नेटवर्क पहाटे पावणेसहा ते सव्वासहा बंद होतं, आणि सहाला ब्राउझर आपोआप कोरा झाला होता. भीमराजची नोंद त्यातच गेली असणार, हे त्याला कळलं. तिथून मालकांची केबिन वीस पावलांवर होती. तो गेला नाही. त्याने सहाही कॉम्प्युटरांवर जुना ब्राउझर पुन्हा पुढे आणला, हलका मागे दडवला, आणि कँटीनमध्ये जाऊन चहा घेतला. होय, चहा घेतला! अर्धा तसाच टाकून उठला, एवढंच त्याच्या बाजूने सांगता येईल.

दुपारी अडीचला सयाजीने भीमराजला फोन करून झोपेतून बोलावून घेतलं. तो येतोय हे त्याने आणखी एकाला सांगून ठेवलं होतं. किसनचा थोरला भाऊ गणराज दवाखान्यातून तडक आला. शर्टावर भावाचं रक्त वाळलेलं, हातात लोखंडी पाइप, मागे गावातले तिघे.

"ह्यो का त्यो?" गणराजने विचारलं.

"हाच. नोंद न करता घरी जाऊन झोपला," सयाजी म्हणाला आणि मागच्या मागे सटकला.

पहिला पाइप भीमराजच्या खांद्यावर बसला. काहीतरी मोडल्याचा आवाज आला आणि त्याचा डावा हात लोंबू लागला. "म्या नोंद केल्ती भाऊ," तो ओरडला, "हिरवी खूण आल्ती, डोळ्यानं बघितली!"

"माझ्या भावाचा हात गेला, अन् तू मला खुणा सांगतुयास व्हय?" गणराजने त्याच्या तोंडावर बुक्की मारली. दात ओठात घुसला. तिघांनी लाथा घातल्या. कामगार मशिनला चिकटून उभे होते. ज्ञानेश काचेच्या केबिनमधून बघत होता. पहिल्या फटक्याला तो तिथेच होता, दुसऱ्यालाही तिथेच. त्याला स्वतःची किळस आली, तरी तो केबिनबाहेर पडला नाही.

मग गणराज म्हणाला, "उचला त्याला. उजवा हात घाला त्या प्रेसमधी. सेन्सर कसा चालतुय ते ह्यालाबी बघू दे."

त्यांनी भीमराजला फरफटत नेलं. त्याचं मनगट प्रेसच्या खालच्या साच्यावर दाबून धरलं, आणि एक जण बटणांकडे गेला. भीमराज आता शब्दांत ओरडत नव्हता.

ज्ञानेश धावला. "थांबा! नोंद केली होती त्यानं! ती मी घातलेल्या ब्राउझरनं घालवली!"

"कुणी घालवली?" गणराज ओरडला. "ह्या येड्याला बाजूला करा."

एकाने त्याला ढकललं. त्याचं कपाळ लोखंडी कपाटावर आपटलं आणि रक्त डोळ्यांत उतरलं. तो तसाच कॉम्प्युटरपाशी सरपटला. "दोन मिनिटं बघा. खोटं निघालं तर माझा हात घाला."

गणराजने हात वर करून बटणांपाशी उभ्या असलेल्याला थांबवलं. ज्ञानेशने दडवलेला ब्राउझर उघडला, नेटवर्कची वायर उपटली आणि टाइप केलं, सेन्सर बंद. हिरवी खूण आली. मग त्याने ब्राउझर बंद केला, पुन्हा उघडला आणि वायर जोडली. यादीत काहीच नव्हतं.

"सरक बाजूला," गणराज म्हणाला. त्याने वायर स्वतः उपटली आणि रक्ताळलेल्या बोटाने एकेक अक्षर शोधत भावाचं नाव लिहिलं. हिरवी खूण आली. त्याने ब्राउझर बंद केला, उघडला आणि वायर खोचली. नाव नव्हतं. त्याने यादी खालपर्यंत पाहिली, पुन्हा वरपर्यंत पाहिली. मग पाइप टाकून तो प्रेसला टेकून खाली बसला आणि ढसाढसा रडायला लागला. तिघांनी भीमराजचं मनगट सोडलं.

भीमराज उठला. लोंबणारा हात उजव्या हाताने धरून तो ज्ञानेशसमोर येऊन उभा राहिला. ओठ फाटल्यामुळे त्याला नीट बोलता येत नव्हतं.

"तुमाला कवा कळलं, साहेब?"

आत्ताच, हा शब्द ज्ञानेशच्या जिभेवर आला होता. कुणाला कधी कळलंही नसतं. खोटं सांगून सुटायची त्याला जन्माची सवय होती, आणि समोरचा माणूस उभ्या उभ्या डुलत होता.

"सकाळी," तो म्हणाला. "साडेनऊला."

भीमराजने लोंबणारा हात सोडला. वेदनेने त्याचं तोंड वाकडं झालं. उजव्या हाताने त्याने ज्ञानेशच्या कानाखाली जाळ काढला, मग दुसरी मारली, मग तिसरी. ज्ञानेशने हात वर केला नाही, आणि कुणी मध्ये पडलं नाही.