प्रभुभोजनाचा ट्रे

लेकीने आईला दोनच गोष्टी बजावल्या होत्या. आपण कुठून आलो ते कुणाला सांगायचं नाही, आणि कशातही पडायचं नाही. "चर्चमध्ये गेल्याशिवाय तुला राहवणार नाही, ते मला कळतं. जा. पण मागच्या बाकावर बस, उपासना झाली की सरळ घरी ये. फुलं नको, गाणं नको, सभा नको."

आई "बरं" म्हणाली. आता या "बरं"चा अर्थ पोटच्या पोरीला कळायला हवा होता, पण तिला तरी दुसरा आधार कुठला? या बाईचं सगळं आयुष्य चर्चच्या आवारात गेलेलं. हात रिकामे राहिले की तिला कसंनुसं व्हायचं, आणि तोंड रिकामं राहिलं की त्याहून जास्त. मनात काही ठेवायचं म्हणजे तिला शिक्षाच.

दोघी घर सोडून या परक्या गावात आल्या होत्या त्या जावयामुळे. माणूस दिसायला लाखात एक. हसरा, नीटनेटका, म्हाताऱ्यांना हात देऊन पायऱ्या चढवणारा. जुन्या चर्चच्या गायकवृंदात त्याचा खर्जातला आवाज असा भरदार, की तो नसला तर गाणं पांगळं वाटायचं. लेकीच्या डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत. ड्रॉवरमध्ये सापडली, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं. ड्रॉवर कुणी ढकलला, तेवढं सांगायचं राहिलं. ती दोनदा माहेरी आली, दोन्ही वेळा चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी मध्ये पडून तिला परत धाडलं. त्यांच्यासमोर तो ढसाढसा रडला होता. रडणाऱ्या पुरुषापुढे ही शहाणी माणसं कशी विरघळतात, देव जाणे. दुसऱ्यांदा परत नेल्यावर मात्र त्याने आवाजही चढवला नाही. जेवता जेवता म्हणाला, "पुन्हा गेलीस तर शोधून काढीन. आणि मग तुला परत आणायची गरज उरणार नाही." त्यानंतर ती निघाली ती आईला सोबत घेऊनच.

इथे लेकीला कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये काम मिळालं. मागच्या खोलीत बसून दातांचे साचे ओतायचे, गिऱ्हाइकाचं तोंड बघायचं नाही. तिला हवं होतं तसंच. संध्याकाळी केसांवर पांढरी भुकटी घेऊन यायची, दाराला आतून दोन्ही कड्या लावायची, आणि मग कुठे तिचे खांदे खाली यायचे.

आईने काही रविवार दम धरला, हे कबूल करायला हवं. मागच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली. पण वेदीजवळच्या फुलदाणीतलं पाणी हिरवं झालेलं तिथूनही दिसत होतं. वेदीवरच्या पांढऱ्या कापडाला कुणीतरी भलतीकडेच घडी पाडली होती. बाई बसल्या जागी चुळबुळत राहिली. शेवटी एकदा उपासना संपल्यावर ती पुढे गेली आणि फुलदाणी उचलली. झालं. पुढच्या आठवड्यात कापड इस्त्रीला घरी आलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात सूर पडतोय म्हणून ती गायकवृंदात जाऊन उभी राहिली. लोक तिला फुलंवाल्या ताई म्हणू लागले.

"आई, बाहीला हे पिवळं काय लागलंय?" लेकीने विचारलं.

"कुठे काय."

"पराग आहे तो. फुलं काय आपण होऊन येऊन चिकटली?"

"अगं, नुसतं पाणी बदललं."

"आज पाणी बदललंस, उद्या पुलपिटावर चढून उपदेश करशील." लेक हसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसली, म्हणून आईला केवढं बरं वाटलं. मग हसू आवरून ती म्हणाली, "कुणी काही विचारलं नाही ना?"

"मला कोण विचारतंय?"

आणि तोवर ते खरंच होतं.

येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून प्रभुभोजन महिन्यातून एकदा व्हायचं. काचेचे छोटे पेले द्राक्षरसाने भरून गोल ट्रेमध्ये लावायचे आणि ओळीओळीने फिरवायचे. ट्रे फिरवणं हा त्या चर्चमध्ये मोठा मान. बरीच वर्षं तो एका निवृत्त नर्सबाईंकडे होता, पण आता त्यांचे हात थरथरायला लागले होते. चर्चच्या पाळकसाहेबांनी आईला आपल्या खोलीत बोलावलं.

"ताई, तुमच्याइतकं मन लावून काम करणारं आमच्याकडे कुणी नाही. ट्रे तुम्हीच घ्यावा असं सगळ्यांना वाटतं."

आईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. जुन्या चर्चमध्ये तिने आयुष्यभर ते पेले धुतले, पुसले, मोजून ठेवले; पण ट्रे तिच्या हातात कधी कुणी दिला नव्हता. तो मोठ्या घरच्या बायकांचा.

"फक्त आमची एक रीत आहे," पाळकसाहेब म्हणाले. "ट्रे देण्याआधी माणूस ज्या मंडळीतून आलं, तिथल्या पाळकांचा चांगला शब्द घ्यायचा. नुसता एक फोन. तुमची आधीची मंडळी कुठली?"

इथे कुठलीही सबब चालली असती. गुडघे दुखतात म्हणायचं. मला फुलंच बरी म्हणायचं. सबबींना काय तोटा? पाळकसाहेबांच्या मागच्या फळीवर ट्रे ठेवलेला होता, चकचकीत, आणि बाई त्याच्याकडे बघत होती. तिने मनाची समजूत घातली, पाळक पाळकाशीच तर बोलणार, देवाच्या माणसांमधली गोष्ट बाहेर कशाला जाईल? त्यांना म्हणा कुणाला सांगू नका, असं ओठांवर आलं होतं. पण मग का, ते सांगावं लागलं असतं. तिने तेवढं गिळलं आणि मंडळीचं नाव सांगून मोकळी झाली.

पुढच्या रविवारी पाळकसाहेब दारातच भेटले. "फार चांगलं बोलले तुमच्याबद्दल. तुम्ही अचानक दिसेनाशा झालात, म्हणून सगळे किती काळजीत होते."

आईने त्यांना थांबवलं. "सगळे म्हणजे?"

"सगळेच," पाळकसाहेब हसून म्हणाले आणि दुसऱ्या कुणाचा तरी हात हातात घ्यायला वळले.

त्यानंतर लोक तिच्याशी जास्तच गोड वागू लागले. ती आली की बायका आवाज खाली करायच्या. तिच्यासाठी खुर्ची यायची, चहा आधी तिला मिळायचा. पाळकसाहेबांच्या पत्नीने, पाळकबाईंनी, एकदा तिचे दोन्ही हात धरून ठेवले आणि म्हणाल्या, "ताई, तुमच्या घरातलं दुःख आम्हाला कळलं. आता ते तुमचं एकटीचं नाही." प्रार्थनासभेत कुणीतरी डोळे मिटून तुटलेल्या घरांसाठी प्रार्थना केली आणि "आमेन" म्हणताना सगळे तिच्याच दिशेने वळले. लेकीला कधी आणणार, असं तिला एकीने विचारलं, तर दुसरीने राहता कुठे म्हणून. "बाजाराच्या मागे. पटकन सापडत नाही," असं म्हणून तिने वेळ मारून नेली. पण सभेनंतर त्याच बाई तिच्याबरोबर चालत आल्या, थेट गल्लीच्या तोंडापर्यंत. किती प्रेमाने आल्या. त्या परत वळेपर्यंत आई गल्लीत शिरली नाही.

हे सगळं लेकीला सांगायला हवं होतं. आईला कळत नव्हतं असं नाही, चांगलं कळत होतं. पण सांगितलं असतं तर लेकीने त्याच दिवशी सामान बांधलं असतं, आणि प्रभुभोजनाचा रविवार तोंडावर आला होता. एवढा एक रविवार होऊ दे, मग सांगू, असं त्या माउलीने ठरवलं. एका ट्रेपायी. लेकीच्या ताटात वाढताना तिला तिच्याकडे बघवत नव्हतं, तरी ती गप्प राहिली. जन्मात कधी तोंड मिटून बसली नाही ती बाई नेमकी तेव्हा बसली.

रविवारी ती ट्रे घेऊन वेदीजवळ उभी राहिली. मंडळी गात होती. पहिलं कडवं झालं, दुसरं सुरू झालं, आणि त्या सगळ्या बारीक-पोकळ आवाजांच्या खालून एक आवाज आला. भरदार, संथ, एकाही शब्दाची घाई नसलेला. गाणं एकदम सुरेख झालं. पुढच्या बाकावरची माणसं कौतुकाने मागे वळून बघू लागली. आईला वळून बघायची गरजच नव्हती.

ट्रे टाकून पळता आलं असतं का? आलं असतं. कोण धरणार होतं तिला? पण इतक्या वर्षांचं वळण असं, की हातात ट्रे असताना पुढच्या ओळीकडे जायचं एवढंच पायांना ठाऊक. ती एकेका ओळीपुढे वाकत गेली. तो मधल्या ओळीत बसला होता, पाळकबाईंच्या शेजारी. पांढराशुभ्र सदरा, केस नीट विंचरलेले. त्याने मान लववून पेला उचलला, एक थेंब सांडू न देता.

"आई, बारीक झालात," तो हळूच म्हणाला. "ती बरी आहे ना?"

पेले एकमेकांवर किणकिणायला लागले. त्याने मोकळा हात पुढे करून ट्रेला खालून आधार दिला. "सांभाळून," तो म्हणाला. पाळकबाईंचे डोळे भरून आले.

शेवटच्या प्रार्थनेनंतर पाळकसाहेबांनी सगळ्यांना बसायला सांगितलं. म्हणाले, देवाने आपलं ऐकलं आहे. पत्नीसाठी रात्रंदिवस रडणारा एक माणूस आज इतका प्रवास करून आपल्यात आला आहे. आता त्याला एकट्याने दार ठोठावायला लावायचं नाही, आपण सगळे मिळून ताईंच्या घरी जाऊ, तिथेच दोघांसाठी प्रार्थना करू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी गाडी दारात आणतो म्हणालं. नर्सबाईंनी थरथरत्या हाताने आईचा गाल कुरवाळला. त्या सगळ्या चेहऱ्यांवर आनंद होता, खराखुरा, आणि त्याचीच आईला भीती वाटली. वाईट माणसाला निदान हाड म्हणता येतं.

"मी तेवढे पेले धुऊन येते," ती म्हणाली. कामाला कोण नाही म्हणणार? तिने मागच्या खोलीत जाऊन नळ पूर्ण सोडला आणि फोन लावला.

"निघ तू," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"काय झालं?"

"तो इथे आलाय. सगळे त्याला घेऊन आपल्या घरी येणार आहेत."

लेक म्हणाली, "तू सांगितलंस."

"हो. पाळकांना सांगितलं. ते मला ट्रे देणार होते."

लेक रागावली असती तर आईला सोसलं असतं. पण तिचा आवाज लहानपणी आजारात यायचा तसा आला. "बरं. मी मग आमच्या लॅबमधल्या त्या..."

"बोलू नकोस," आई म्हणाली. "मला सांगू नकोस कुठे ते. माझ्या पोटात काही राहत नाही गं. आज नाही तर उद्या, त्याला नाही तर दुसऱ्या कुणाला, मी सांगून टाकीन."

"मग तू कधी येणार?"

"मी नाही येत. मी आले तर माझा माग काढत तो पोचेल. आणि फोनही करू नकोस. मी केला तर उचलू नकोस."

"आई."

"मी फार वाईट केलं तुझं. जा आता. मी यांना जमेल तेवढी रखडवते."

लेक जोरजोरात श्वास घेत होती, मागे कपाटाचं दार आपटल्याचा आवाज आला. फोन ठेवताना ती एवढंच म्हणाली, "वेळेवर जेवत जा."

आईने पेले खरंच धुतले. एकेक धुतला, पुसला, परत धुतला. बाहेरून दोनदा हाक आली. मग तिने नर्सबाईंना बरोबर घ्यायचा हट्ट धरला, गाडीत मळमळतं म्हणून सगळ्यांना पायी चालायला लावलं, बाजारात गुडघा धरून एका दुकानाच्या पायरीवर बसली. मंडळी गाणी म्हणत तिच्याभोवती थांबली. जावई सगळ्यांत धीराने थांबला.

घराला बाहेरून कुलूप होतं. आईने उघडलं. चुलीवरचं पातेलं अजून कोमट होतं. जावई दोन्ही खोल्यांतून फिरला, पलंगाखाली वाकून बघितलं, न्हाणीचं दार ढकललं. मग तो पलंगावर बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. पाळकसाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. सगळ्यांनी प्रार्थना केली.

"ती येईपर्यंत मी इथेच राहतो," तो डोळे पुसत म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते डोळे आईवरून हलत नव्हते. "आईंची हरकत नसेल तर."

सगळे तिच्याकडे बघू लागले. तिच्या मनात एकच हिशोब चालला होता. हा इथे बसलाय तोवर तो दुसरीकडे कुठे नाही.

"राहा की," ती म्हणाली. "तुमचंच घर आहे."

तेव्हा मात्र तो पहिल्यांदा गोंधळला.

तो अजून तिथेच आहे. गायकवृंदाला खर्जाचा आवाज मिळाला म्हणून मंडळी खूश आहे, आणि ताईंची सहनशीलता बघून पाळकबाई कौतुक करताना थकत नाहीत. ती त्याचे सदरे इस्त्री करते, त्याच्या आवडीचं रांधते, चार दिवस तरी आणखी राहा म्हणून आग्रह करते. रोज संध्याकाळी दार लावून घेतल्यावर तो तिच्यासमोर खुर्ची ओढून बसतो आणि हळू आवाजात विचारतो, ती कुठे आहे. कधी हसून विचारतो, कधी तिचं मनगट धरून. मनगट सुजलं की ती लांब बाह्यांचं घालते. तिला खरंच माहीत नसतं, म्हणून ती तसं सांगते. तिचा फोन तो आपल्या पुढ्यात ठेवतो आणि दोघं त्याच्याकडे बघत बसतात. तो दिवसही फोन न वाजता गेला, की ती मनातल्या मनात देवाचे आभार मानते आणि त्याला जेवायला वाढायला उठते.