जयवंताचं थोराड बाळ

कडावच्या कोंडाजीच्या दोन्ही सुना एकाच महिन्यात बाळंत झाल्या. थोरल्या बायजाला किडकिडीत मुलगी झाली. धाकट्या जयवंताला मुलगा झाला, तोही एवढा मोठा की सुईण म्हणाली, "तीन म्हयन्यांचं वाटतंय गं प्वार." त्या पोराला, हिरामणला, बघायला आळी लोटली. बायजाच्या मुलीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. बायजा चुलीपाशी बसून आतल्या आत जळत राहिली.

पोटुशी असताना जयवंताची तहान भागत नसे. ती मोरीतून उठली की तिथं मुंग्या लागत. बायजाच्या चुलत्याला गोड लघवीचा आजार होता, त्यामुळे जयवंतालाही तोच आहे हे तिला कळलं होतं. पण सासू रोज गुळाचा लाडू फक्त जयवंताला देई. खाऊ दे तिला, म्हणून बायजा गप्प बसली.

वर्ष सरलं. बायजाची मुलगी तुरुतुरु चालू लागली. हिरामण मात्र बसवला की कलंडे. बायजाला आधी बरं वाटलं, मग त्या बरं वाटण्याचीच शरम वाटली.

जयवंता त्याला दहिवलीच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाली, तेव्हा बायजाही सोबत गेली. डॉक्टरांनी पोटुशेपणाचं विचारताच बायजाने मुंग्यांचं सांगून टाकलं.

डॉक्टर म्हणाले, "आईच्या रक्तात साखर वाढली की मूल थोराड होतं. कधी कधी पुढं चालणं-बोलणं मागं पडतं. याचं त्यामुळंच झालं, हे मी छातीठोक सांगणार नाही. त्याच्याशी बोला, त्याला खेळवा. पुढच्या खेपेला मात्र आधी दाखवायला या."

वाटेत जयवंता थांबली. "तुमाला ठावं हुतं, तर बोलला का नाय?"

"लाडू तुलाच मिळायचं," बायजा खाली बघून म्हणाली.

जयवंता पुढं चालू लागली. महिनाभर तिने जावेशी शब्द काढला नाही. बायजा मात्र रोज दुपारी हिरामणला आपल्या मुलीसोबत अंगणात खेळवी, त्याच्याशी बोलत राही. अडीच वर्षांचा होताना तो धडपडत चालला. मग एके दिवशी बायजाच्या गळ्यात पडून म्हणाला, "आई."

जयवंताने त्याला हिसकून घेतलं. "माजा हाय त्यो."

तिच्या डोळ्यांतलं ते जळणं बायजाने लगेच ओळखलं.

दुसऱ्या दुपारी जयवंताने आपणच हिरामणला अंगणात आणून सोडलं आणि जावेशेजारी येऊन बसली.